मत्तीवरचा कोसा

हा कुरतडण्याचा आवाज अळीचा आहे. माइक पानाला टेकवला होता म्हणून मिळाला, एरवी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या पावसात कुणाला ऐकू येणार!

अंगठ्याएवढी जाड, हिरवीगार, कुशीवर चांदीच्या टिकल्या. टसर पतंगाची ही अळी मत्तीवर बसली आहे. घाटावर याच झाडाला ऐन म्हणतात. बुंधा बघा, मगरीच्या पाठीसारखा भेगाळलेला. पान उलटं केलं की देठापाशी दोन बारीक गाठी दिसतात. अळीला बोर चालते, किंदळही चालतो. आम्हाला मात्र ती दर वेळी मत्तीवरच भेटली.

अंड्यातून निघाल्यावर पहिला घास टरफलाचा. मग नुसती पानं. चार वेळा कात टाकायची आणि पुन्हा खायला बसायचं.

आता जे दिसतंय ते सावकाश बघा. कोश विणण्याआधी अळी फांदीभोवती रेशमाचं कडं घालते. कड्यापासून देठ खाली सोडते आणि त्या देठाला कोश टांगते. नुसत्या पानाच्या आधारावर विणला असता, तर उन्हाळ्यात मत्तीची पानं झडताना कोशही खाली आला असता. कडं फांदीला आहे, म्हणून झाड उघडंबोडकं झालं तरी कोश वरच. आणि कडक किती! अंगठ्याने दाबला, खळगा पडला नाही. विदर्भात याला कोसा म्हणतात. भंडारा-गडचिरोलीकडे ढिवर समाज ऐनावर या अळ्या वाढवतो, त्यांच्या रेशमाचं कापड होतं. आपल्याकडे मत्ती दिसली की लोक लाकूड किती निघेल ते मोजतात.

सत्तरीतलं हे म्हादई अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झालं. मार्च 2023 मध्ये इथल्या डोंगरांना आगी लागल्या. कोश फांदीवर असतात ते याच दिवसांत.

जून. पाऊस लागलाय. कोशाचं टोक आतून ओलं होतंय. पतंग एक रस सोडतो, त्याने रेशमाचा डिंक सुटतो आणि धागे बाजूला सरतात. आधी डोकं, मागून चुरगळलेले पंख. चारही पंखांवर एकेक खिडकी आहे. टॉर्चचा उजेड पलीकडे दिसतोय, तो तिच्यातून. खाणं अळी असतानाच उरकलेलं. आता खाता येईल असं तोंडच नाही.

ही मादी. पंख वाळेपर्यंत अशीच लटकून होती, आपल्याच रिकाम्या कोशाला धरून.