चांदणी चौकाचा चढ आणि काकांचं मोटर किट

ही सायकल बघा. काळी, २८ इंची, दांडीचे ब्रेक, मागे कॅरिअर आणि त्या कॅरिअरला वर्षानुवर्षं गुंडाळलेली एक सुतळी. माझ्या काकांची आहे. काका राहतात पुण्यात, बावधनला आणि रोज सकाळी डेक्कनला जातात, मित्र, चहा, पेपर, मग परत. जाऊन येऊन वीसेक किलोमीटर. जाताना काय, चांदणी चौकातून पौड रोडला लागलं की उतारच उतार, पॅडलसुद्धा मारायला नको. खरी परीक्षा येताना. कोथरूड डेपो मागे पडला की रस्ता चढायला लागतो, काकांचं वय ६८, त्यात उजवा गुडघा कुरकुरतोय, त्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून तेवढा टप्पा ते सायकल हातात धरून चालत येतात. स्कूटर घ्या म्हटलं तर म्हणाले, "मग व्यायाम काय तू करणारेस माझ्या वाटचा?"

म्हणून मोटर किट. म्हणजे आहे त्याच सायकलला मोटर, बॅटरी आणि मोटरला लागेल तेवढी वीज सोडणारा कंट्रोलर जोडायचा. मला वाटलेलं एका रविवारी होऊन जाईल, लागला दीड महिना, आणि त्यातला एक महिना नुसता ठरवण्यात गेला.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, किती वॅटचं देऊ? २५०, ३५०, ५००, जसं काही भाजीच घेतोय. कायद्याचं आधी सांगून टाकतो. मोटर वाहन नियमांनुसार मोटर २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपर्यंत असेल तर तिला लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. त्याच्या वर गेलात की ते मोटर वाहन झालं.

पण २५० मध्ये चढ चढेल का? दुकानदार म्हणाला, नाही चढणार हो, ५०० घ्या. मी घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो. काका ७० किलो, सायकल आणि बॅटरी धरून ३०, झाले १००. चढ आपण पाच टक्क्यांचा धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर. ताशी १२ किलोमीटरने चढायला साधारण १६० वॅट लागतात, टायरचं घर्षण वगैरे धरलं तर २०० च्या आत-बाहेर. त्यातले ६०-७० काकांचे पाय देतात, अजून देतात. मोटरच्या वाट्याला राहिले १३०-१४०. मग २५० ची मोटर कमी कशी पडेल?

कमी पडते, पण वेगळ्याच कारणाने, आणि हे मला कुठल्याच दुकानात कोणी सांगितलं नाही. हब मोटरचा, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरचा, खरा आकडा आरपीएम असतो, लोड नसताना चाक मिनिटाला किती फिरतं तो. बाजारात ३२८ आरपीएमच्या मोटरी भरपूर मिळतात. नेहमीच्या २६ इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर सात सेंटीमीटर, तर ३२८ म्हणजे ताशी ४० किलोमीटरची मोटर झाली. ती तुम्ही चढावर १२ ने चालवली की चाक फिरतंय ९७ वेळा, म्हणजे तिच्या तब्येतीच्या तिसऱ्या हिश्शालाही नाही. अशी मोटर बरीचशी वीज नुसती तापण्यात घालवते, हात लावून बघा चटका बसतो. तीच मोटर २०१ आरपीएमच्या वाइंडिंगची (आतल्या तारेच्या वेढ्यांची) घेतली तर सपाटीवर २५ च्या पुढे जाणार नाही, पण चढावर खेचेल. काकांना ४० ने कुठे जायचंय?

आता प्रकार. सगळ्यात स्वस्त म्हणजे ही चेनवाली साइड मोटर, २४ व्होल्ट, २५० वॅट, कार्बन ब्रशची, आपल्याकडे लोक हौसेने घरी बसवतात ती. फ्रेमला क्लॅम्प करायची, मागच्या चाकाला डाव्या बाजूने आणखी एक दातेरी चकती आणि दुसरी चेन. चाक बदलावं लागत नाही हा तिचा मोठा गुण, पण आवाज असा की काका येतायत हे सोसायटीला कळावं, आणि चेन सैल पडली की परत पाने घेऊन बसा. दुसरी मिड ड्राइव्ह, पॅडलच्या जागी बसणारी. चढाला हिच्यासारखी नाही कारण सायकलचे गिअर तिलाही वापरता येतात, पण किंमत ऐकून काकांनी चहाचा कप खाली ठेवला, शिवाय काळ्या सायकलीला गिअरच नाहीत आणि क्रँक, म्हणजे पॅडलच्या दांड्या, जुन्या कॉटर पिनवाल्या, खिळीने ठोकून बसवलेल्या. राहिली हब मोटर. त्यातही बिनगिअरची जड असते, पाचेक किलोच्या पुढे, बंद असताना पॅडल मारलं तर चाक ओढल्यासारखं वाटतं. गिअरवाली हलकी, आत छोटे नायलॉनचे गिअर आणि एकाच बाजूने पकडणारा क्लच, मोटर बंद केली की सायकल सायकलच राहते. ठरलं. गिअरवाली, २०१ आरपीएम, पुढच्या चाकात.

आणि इथेच काळ्या सायकलीने दगा दिला.

आमच्या चौकातल्या सायकलवाल्या दादांनी चाकाकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, "काका, हिला ३२ आरे. मोटरला भोकं ३६." झालं! जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, हब मोटर येते ३६ भोकांची, मागे-पुढे कुठेच जमत नाही. रिम बदलायची तर दांडी ब्रेकची ती खास रिम ३६ भोकांत कुठून आणणार. वर ब्रेक दाबला की मोटर बंद करणारी जी लिव्हर किटमध्ये येते ती दांडी ब्रेकला लागतच नाही, तिथे चुंबकाचा सेन्सर चिकटवायची कसरत. काका अर्धा तास काही बोलले नाहीत.

तोडगा काकूंनी काढला. माळ्यावर माझ्या चुलतबहिणीची कॉलेजातली सायकल पडून होती, २६ इंची, पुढचं चाक धरणारा चिमटा लोखंडी, व्ही ब्रेक. ३६ भोकांची रिम तिला कुठेही मिळते. दादांनी मोटर आऱ्यांत गुंफली, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढला, चिमट्याच्या खाचा कानस मारून मोटरच्या एक्सलपुरत्या रुंद केल्या. एक गोष्ट मात्र अजिबात टाळू नका, टॉर्क आर्म. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा एक्सल उलटा फिरायला बघतो, नुसत्या नटाच्या भरवशावर राहिलात तर तो खाचेतून निसटेल आणि वायर पिळून तुटेल, चाक हातात येईल ते वेगळंच. टॉर्क आर्म म्हणजे एक्सलला चिमट्याशी अडकवून ठेवणारी साधी लोखंडी पट्टी, लावाच. अॅल्युमिनियमचा किंवा शॉकअपवाला चिमटा असेल तर पुढच्या चाकात मोटर नकोच.

बॅटरी घेतली ३६ व्होल्ट १० एएच (अँपिअर-तास), म्हणजे ३६० वॅट-तास. पॅडल मारत गेलं तर किलोमीटरला १०-१२ वॅट-तास जातात, तीसेक किलोमीटर निघतात, काकांना वीस पुरे. आधी आम्ही ऑनलाइन एक "१५ एएच" बॅटरी मागवली होती, स्वस्तात. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर दीड किलो भरली. आत ते बोटाएवढे १८६५० नावाच्या मापाचे सेल असतात, एकेक ४५ ग्रॅमच्या आसपास, अडीच एएचचे धरले तर ३६ व्होल्टसाठी दहा सेलची एक रांग आणि १५ एएचसाठी अशा सहा रांगा, म्हणजे साठ लागतात, नुसते सेलच पावणेतीन किलो. हे गणित बॉक्सवर छापलेलं नसतं. परत पाठवली.

अंगठ्याचा थ्रॉटल, म्हणजे पॅडल न मारता मोटर पळवायचा खटका, काकांनी पहिल्याच दिवशी काढायला लावला. पॅडल असिस्ट ठेवला, पॅडल मारलं तरच मोटर साथ देते.

आणि मग पहिली खरी फेरी. मी घरीच होतो, फोन आला. "अरे, डेपोच्या पुढे आलो तर डिस्प्लेवर चारातली एकच कांडी उरलीय, बॅटरी संपली!" संपली नव्हती. चढावर मोटर जास्त करंट ओढते, तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली बसतो, डिस्प्ले बिचारा तेवढंच बघतो. काकांना म्हटलं चालवत राहा. चांदणी चौकात वर सपाटीला आले, कांड्या परत तीन.

आता त्यांनी डिस्प्लेवर रुमाल बांधलाय.