डाय कापण्याआधी

(दृश्य : गोदामात एकावर एक रचलेली पुठ्ठ्याची खोकी)

२००१ सालाचा शेवट. नाताळची खरेदी ऐन भरात होती आणि नेदरलँड्समध्ये सोनीच्या प्लेस्टेशनची जवळजवळ १३ लाख खोकी अडवली गेली होती. खेळात बिघाड नव्हता, यंत्र तापत नव्हतं. हरकत होती ती केबलवर. कॅडमियम हा विषारी धातू डच कायद्याच्या मर्यादेपेक्षा तिच्यात जास्त निघाला.

केबलचं काय एवढं? डिझाइनच्या बैठकीत तिच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. लांबी किती, जाडी किती, दर काय, झालं. प्लास्टिकला रंग यावा, ते उष्णतेत टिकावं म्हणून त्यात काय मिसळलंय, हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नाही. पुढे सोनीने पुरवठादारांना पारखून घेण्यासाठी ‘ग्रीन पार्टनर’ ही पद्धत आणली. पण तोवर माल बदलण्यात आणि विक्री हुकण्यात व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर फिरणारं एका भागाचं त्रिमितीय चित्र)

वस्तूचा पर्यावरणावर जो परिणाम होतो, त्यातला ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा डिझाइनच्या टप्प्यावरच ठरतो, असं युरोपीय आयोग सांगत आला आहे. आकडा इतका गोल असला की थोडा संशय घ्यावा. पण मुद्दा कारखान्यात कुणालाही पटेल. प्लास्टिकच्या भागाची डाय, म्हणजे तो ज्यात घडतो तो धातूचा साचा, एकदा कापली, की भिंतीची जाडी बदलायची म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा चाचण्या, पुन्हा उशीर. त्यानंतर पर्यावरण विभागाने कितीही चांगला अहवाल दिला, तरी तो फाइलला लागतो.

अडचण अशी, की सुरुवातीला हात मोकळे असतात तेव्हा माहिती नसते. आणि माहिती येते तोवर हात बांधलेले असतात. ही गाठ सोडवायला जीवनचक्र मूल्यांकन उपयोगी पडतं. कच्चा माल खणण्यापासून वस्तू भंगारात जाईपर्यंत कुठे किती ऊर्जा, किती पाणी, किती प्रदूषण, याचा हा जमाखर्च. कोका-कोलाने १९६९ मध्ये बाटल्या-डब्यांची तुलना करून घेतली, ती या पद्धतीची एक सुरुवात. आज त्यासाठी आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानकं आहेत. पहिल्या आराखड्याच्या वेळी पूर्ण हिशेब मांडता येत नाही. ढोबळ मांडला तरी पुरतो, कारण तेव्हा एवढंच कळायला हवं असतं की मोठा खड्डा नेमका कुठे आहे.

तो दर वस्तूत वेगळा असतो. गरम पाण्याने धुणाऱ्या वॉशिंग मशीनचा मोठा भार वापराच्या वर्षांत पडतो, त्यातही पाणी तापवण्यात. तिथे थंड पाण्यात नीट धुणारा प्रोग्राम आणि तो सहज हाताशी येणारं बटण मोलाचं. स्मार्टफोनचं उलट. त्याचा बहुतेक भार फोन खोक्यातून बाहेर येण्याआधीच पडून गेलेला असतो, चिप आणि सर्किट बनवताना. त्यामुळे फोन दोन वर्षं जास्त चालावा, हीच त्याची सगळ्यात हिरवी सोय. पॅकिंगचा पुठ्ठा तपकिरी केला आणि त्यावर पान छापलं, याने दोन्हीकडे फारसं काही हलत नाही.

(दृश्य : कचरा वर्गीकरण केंद्र. धावणारा पट्टा. काळा ट्रे जवळून)

हा ट्रे पाहा. प्लास्टिक चांगलं आहे, पुन्हा वापरण्याजोगं आहे. वर्गीकरणाचं यंत्र पट्ट्यावर अवरक्त किरण सोडतं, परतून येणाऱ्या किरणांवरून प्लास्टिकची जात ओळखतं आणि हवेच्या झोताने तो तुकडा योग्य खणात उडवतं. पण या ट्रेला काळा रंग आलाय कार्बन ब्लॅकमुळे, आणि कार्बन ब्लॅक ते किरण गिळून टाकतो. यंत्राला ट्रे दिसतच नाही. तो पट्ट्याच्या टोकापर्यंत जातो आणि उरलेल्या कचऱ्यात पडतो. रंग कुणी ठरवला? बहुधा मार्केटिंगने, काळ्यावर माल उठून दिसतो म्हणून. त्या बैठकीत वर्गीकरण केंद्र पाहिलेला एक जरी माणूस असता, तरी रंग बदलला असता. यंत्राला दिसणारे काळे रंगही मिळतात.

(दृश्य : कार्यालयीन खुर्ची सुटी करणारे हात)

अशी माणसं बैठकीत बसवायची कशी, याचं हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. २००३ मध्ये बाजारात आलेली तिची ‘मिरा’ खुर्ची घडत असताना प्रत्येक भागाला काही साधे प्रश्न विचारले गेले. हा भाग दुसरं काही न चिकटता सुटा होतो का? नेहमीच्या हत्यारांनी? एका माणसाला ३० सेकंदांच्या आत? त्यावर प्लास्टिकची जात लिहिलेली आहे का? पुरवठादारांना विचारलं गेलं की मालात नेमकी कोणती रसायनं आहेत. हाताच्या टेकूचं पीव्हीसी आवरण काढून टीपीयू हे प्लास्टिक घ्यायचं ठरलं, तेव्हा ते महाग होतं आणि ओरखड्यांना टिकेल का, हा प्रश्न होता. वाद झाले. पण ते खर्च, दिसणं आणि मजबुती यांच्याच टेबलावर झाले, ही मला यातली खरी गोष्ट वाटते.

डिझाइन करतानाच पर्यावरणाचा विचार कंपनीच्या व्यवस्थापन पद्धतीत कसा बसवायचा, याचं मार्गदर्शन आयएसओ १४००६ मध्ये आहे. २०११ चं, २०२० मध्ये सुधारलेलं. मानक भिंतीवर टांगता येतं. खरेदी विभागाला मात्र वर्षअखेरीस एकच जाब द्यावा लागत असेल, किलोमागे दर किती उतरवला, तर डिझायनरने निवडलेला माल सहा महिन्यांत गुपचूप बदलतो.

(दृश्य : सोल्डरिंग. वितळणारा चकचकीत थेंब)

प्रत्येक सुधारणेची किंमतही असते. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधन आलं. सर्किटवर सुटे भाग जोडणारं शिसं-कथील सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं. त्याच्या जागी आलेल्या कथील-चांदी-तांबे मिश्रणाला साधारण २१७ अंश लागतात. भट्टी जास्त तापवावी लागली, सुटे भाग त्या उष्णतेत तगतील का ते तपासावं लागलं. शिसं गेलं हे उत्तमच, पण ‘पर्यावरणपूरक’ असा नुसता शिक्का मारून हा व्यवहार समजत नाही.

(दृश्य : फोनचं मागचं झाकण गरम करून उचकटणारा दुरुस्ती कारागीर)

पुढचा नियम बॅटरीचा. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता यायला हवी. गोंद वापरला की जोडणी झटपट होते, उपकरण सडपातळ राहतं आणि पाणी आत जात नाही. स्क्रू घ्यायचे तर रबरी गॅस्केटला जागा हवी, एखादा मिलिमीटर जाडी वाढणार, जोडणीला वेळ लागणार. त्या मिलिमीटरवर यांत्रिकी, मार्केटिंग आणि खरेदी हे तिन्ही विभाग भांडणार आहेत. त्यांना भांडायचं असेल, तर डाय कापायला जाण्याआधी.