आधी नाव, मग काम

बायबलच्या नव्या करारातल्या, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडलात, तर येशूचा प्रेषित पौल याने तिथे नोकरीचा अर्ज भरल्यासारखी यादी दिलेली दिसेल. सात बाबी आहेत. आठव्या दिवशी सुंता, इस्राएल वंश, बन्यामिनाचं कूळ, इब्र्यांचा इब्री. या चार जन्माने मिळालेल्या. नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी, म्हणजे ते काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आवेश एवढा की ख्रिस्ती मंडळीचा छळ केला, आणि नियमशास्त्रातल्या नीतिमत्त्वाविषयी निर्दोष. या तीन कमावलेल्या. यादी खोटी आहे असं पौल कुठेच म्हणत नाही. तो फक्त जमेच्या बाजूची सगळी रक्कम उचलून तोट्याच्या बाजूला मांडतो. 'लाभ' आणि 'हानी' यांचे मूळ ग्रीक शब्द हिशेबातही चालणारे आहेत. पुढे तो या सगळ्याला केरकचरा म्हणतो. मूळ शब्द याहून घाण आहे. भाषांतरकारांनी सभ्यपणा सांभाळला, इतकंच.

आता गंमत बघा. पौल अपयशांची यादी केरात टाकत नाही, यशाची टाकतो. 'ज्यांना जगात काही जमलं नाही, त्यांनी देवाकडे वळावं' हा आपल्याकडचा सरधोपट समज इथेच मोडतो. ज्याला सगळं जमलं होतं, त्याचीच ही कबुली आहे.

मग ख्रिस्ती विश्वास कर्तृत्वाच्या विरुद्ध आहे का? मुळीच नाही. त्याचा आक्षेप क्रमाला आहे. आपण आधी काम करतो, मग त्यातून नाव, म्हणजे आपली ओळख आणि किंमत, मिळवू पाहतो. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या संदेशात, नाव आधी दिलं जातं आणि काम त्यानंतर सुरू होतं.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या लूकच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय घ्या. येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून देवाची वाणी येते: "तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे." तोपर्यंत त्याने काय केलं होतं? एकही रोगी बरा केलेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही, डोंगरावरचं प्रवचन अजून व्हायचं आहे. कामाच्या रकान्यात दाखवण्यासारखं काही नसताना बापाचा संतोष जाहीर झाला. लगेच पुढच्या अध्यायात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येतो आणि पहिलंच वाक्य 'तू देवाचा पुत्र असशील तर' असं सुरू करतो. धोंड्याची भाकर करून दाखव, म्हणजे पुत्र आहेस हे सिद्ध होईल. त्याच्या बोलण्यात 'पुत्र' आहे, 'परमप्रिय' मात्र गळालंय. भुकेल्या माणसाने भाकर करून खाण्यात पाप काय, असं आपण विचारू. पेच भाकरीचा नाही. जे आधीच मिळालंय ते करून दाखवून मिळवायचा आहे. आपल्यातले बहुतेक जण रोज सकाळी हाच 'तर' ऐकत कामाला लागतात.

किंमत कामावर टांगली की काय होतं, हे मत्तयच्या विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात फार बारकाईने दिसतं. मालक पाच वेळा मजूर आणतो: पहाटे, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या तासाला. पहाटेच्या मजुरांशी एक दिनार ठरलाय, म्हणजे एका दिवसाची सर्वसाधारण मजुरी. संध्याकाळी मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून सुरुवात कर. दृष्टांताचा सगळा डाव या एका सूचनेत आहे. पहिल्यांना आधी दिलं असतं तर ते दिनार घेऊन आनंदाने घरी गेले असते. पण त्यांना रांगेत उभं राहून बघायला लावलं. तासभर राबलेल्याच्या हातावर दिनार पडला, आणि यांनी मनातल्या मनात आपला आकडा वाढवला. मग त्यांच्याही हातावर तोच दिनार आला. नाणं ठरलं तेवढंच, वजनाला कमी नाही, तरी आता ते अपमानासारखं वाटतं. त्यांची तक्रारही नीट ऐका: "त्यांना तुम्ही आमच्या बरोबरीचे केले." आम्हाला कमी दिलं, असं ते म्हणतच नाहीत. दुसऱ्यापेक्षा वर असण्यावर ज्याची किंमत उभी आहे, त्याला कृपा, म्हणजे न कमावता मिळालेलं देणं, अन्याय वाटते.

इथे एक सावधगिरी. आम्ही विश्वासणारे या फासातून सुटलो, असं कुणी समजू नये. विश्वास हीच नवी कमाई होऊन बसते. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी प्रार्थनेत आठवड्याचे दोन उपास आणि सगळ्या उत्पन्नाचा दशांश मोजून दाखवतो. आज अध्याय किती वाचले, प्रार्थना किती तास केली, मंडळीत कोणकोणती सेवा केली, असा हिशेब चालतो. वही तीच, फक्त रकान्यांची नावं बदललेली. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरचं उदाहरण बोलकं आहे. तो 1505 साली मठात दाखल झाला आणि आदर्श संन्यासी म्हणून जगला. 1545 साली मागे वळून पाहताना त्याने लिहिलं, की निर्दोष जगूनही आपलं मन देवासमोर अस्वस्थच राहिलं. पौलाच्या रोमकरांस पत्रातलं 'देवाचं नीतिमत्त्व' म्हणजे देव मागतो ते नव्हे, देव देतो ते, असं उमगल्यावर त्याची सुटका झाली. नीतिमत्त्व कमवावं लागत नाही, देव ते देतो, ही शिकवण केवळ प्रॉटेस्टंटांची मालमत्ता आहे असंही नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक मंडळींनी या शिकवणीच्या मूलभूत सत्यांवर एकमत झाल्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

दुसरी चूक उलट टोकाची: स्वतःला तुच्छ म्हणत राहणं म्हणजे नम्रता, असा समज. त्यातही नजर स्वतःवरच खिळलेली असते. आणि सततची निराशा, झोप उडणं, जगण्यात रस न उरणं अशी लक्षणं असतील, तर विश्वास कमी पडला म्हणून माणसाला आणखी दोष देऊ नका. तो आजार असू शकतो. प्रार्थना चालू ठेवावी आणि डॉक्टरकडेही जावं.

रोजच्या सवयीसाठी जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली आत्मपरीक्षणाची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. रात्री पंधरा मिनिटं पुरतात. पायऱ्या पाच: मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार, स्वतःचं पाप ओळखता यावं म्हणून कृपेची मागणी, मग दिवसाचा तासातासाने आढावा, आधी विचार, मग बोलणं, मग वागणं, त्यानंतर क्षमेची याचना, शेवटी उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. बहुतेकांचं बिघडतं ते थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारल्याने. मग आढाव्याची उलटतपासणी होते आणि माणूस झोपताना स्वतःचा फिर्यादीही असतो आणि न्यायाधीशही. आभारांना पहिली पाच मिनिटं द्याच, आणि ते नेमके असू द्या. 'सगळ्याबद्दल आभार' म्हणून चालणार नाही. दुपारी कुणी विचारपूस केली, दुखणं उतरलं, चूक वेळेत लक्षात आली, असं एकेक नाव घेऊन. त्यातल्या निदान एका गोष्टीत आपलं काही कर्तृत्व नसावं. क्षमा मागितल्यावर तोच प्रसंग पुन्हा उगाळायचा नाही, हाही नियम पाळा.

जोडीला डोंगरावरच्या प्रवचनातली सूचना घ्या: दान असं द्या, की उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आठवड्यातून एक चांगलं काम कुणालाही न सांगता करा. सांगायची खुमखुमी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त येते. ती आली की समजा, वही अजून उघडीच आहे.

मग कष्ट कशाला करायचे, हा प्रश्न दर वेळी येतो. पौलालाही तो पडला होता. आपण जे काही आहोत ते देवाच्या कृपेने आहोत, असं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहून त्याच वाक्यात तो म्हणतो, की मी इतर सर्वांपेक्षा अधिक श्रम केले. त्याच करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवत असे. तंबूची शिवण पक्की घालावीच लागते, कारण पावसात त्याखाली कुणीतरी झोपणार असतं.