चार ट्रॅकवरचा 'नेब्रास्का'

जानेवारी १९८२. न्यू जर्सीतलं कोल्ट्स नेक. भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत ब्रूस स्प्रिंगस्टीन गिटार घेऊन बसलाय. 'ई स्ट्रीट बँड' या अमेरिकन रॉक बँडचा हा गायक. ड्रम, पियानो आणि सॅक्सोफोनच्या दणक्यावर आवाज चढवून तासन्‌तास स्टेज गाजवणारा.

आज बँड नाही. टीॲक कंपनीचा चार ट्रॅकचा, म्हणजे एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळे नोंदवणारा कॅसेट रेकॉर्डर आहे, दोन साधे माइक आहेत. दोन ट्रॅक गिटारला आणि गळ्याला. उरलेल्या दोनांत माउथ ऑर्गन, मँडोलिन, कुठे दुसरी गिटार. बँडला गाणी ऐकवता यावीत, एवढ्यापुरताच हा कच्चा खर्डा.

पण गाणी अंगावर येणारी होती. यातूनच पुढे झालेल्या 'नेब्रास्का' या अल्बमच्या शीर्षकगीतात बोलतो चार्ल्स स्टार्कवेदर, १९५८ च्या जानेवारीत एकामागून एक खून करत सुटलेला १९ वर्षांचा पोरगा. आधी गाणं त्याच्याबद्दल होतं. मग स्प्रिंगस्टीननं ते त्याच्याच तोंडी दिलं. आता ऐकणाऱ्याला लांब उभं राहायची सोय उरली नाही. दुसऱ्या एका गाण्यात न्यू जर्सीतल्या माहवाचा मोटार कारखाना बंद पडतो. फोर्डचा तो कारखाना १९८० मध्ये खरंच बंद झाला होता. गाण्यातला बेकार माणूस दारूच्या नशेत गोळी झाडतो. स्प्रिंगस्टीन त्याची वकिली करत नाही आणि त्याला झिडकारतही नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

पुढे न्यूयॉर्कच्या 'पॉवर स्टेशन' स्टुडिओत बँडनं हीच गाणी वाजवून पाहिली. वादक कसलेले, यंत्रं उत्तम. पण त्या भरगच्च वाजवण्यात गाण्यांतली माणसं हरवू लागली. मूळ कॅसेट मात्र डबीशिवाय स्प्रिंगस्टीनच्या खिशात फिरत होती. अखेर तीच अल्बम म्हणून काढायची ठरली. त्या क्षीण मुद्रणावरून तबकडी कोरून घेताना तंत्रज्ञांची दमछाक झाली.

३० सप्टेंबर १९८२ ला 'नेब्रास्का' आला. त्यासाठी दौरा केला नाही. तरी अमेरिकेत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला.

त्याच कॅसेटवर 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गाणंही होतं. बँडच्या हाती पडल्यावर ते उसळलं आणि १९८४ च्या अल्बमला त्याचंच नाव मिळालं. बँडसोबतची 'नेब्रास्का'ची मुद्रणं २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. त्यातलं 'अटलांटिक सिटी' हे गाणं बँडसोबतही जरूर ऐका. शीर्षकगीताला मात्र एकच गिटार आणि माउथ ऑर्गन हवा, असं माझं ठाम मत आहे.