जुन्या गाडीतला थर्मोस्टॅट काढून टाकू नका

इथे बसलेल्या काही जणांच्या जुन्या गाडीत आज थर्मोस्टॅटच नसेल. गाडी तापायला लागली, मेकॅनिकने तो काढून फेकला, वरचं झाकण परत बसवलं. चार दिवस तापमानाचा काटा खाली राहिला आणि आपण समाधानी झालो. मला आज या सवयीबद्दलच बोलायचं आहे, कारण तिच्यापायी चांगली इंजिनं लवकर झिजतात.

थर्मोस्टॅट म्हणजे पितळेच्या डबीत भरलेलं मेण, एक दांडी आणि एक स्प्रिंग. मेण वितळताना फुगतं, दांडीला रेटतं आणि झडप उघडते. थंड झालं की स्प्रिंग झडप बंद करते. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाला झडप उघडू लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांनी पूर्ण उघडते. तोवर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, रेडिएटरकडे न जाता बायपासमधून, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या आडवाटेने, इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं.

हे गरम होणं गरजेचं असतं. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ते भिंतींवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातून तयार झालेलं पाणीही आत साठतं आणि ऑइलचा गाळ होतो. काटा खाली दिसतो म्हणून आपण निर्धास्त असतो, आत मात्र झीज चालू असते.

दुसरी गोष्ट फार कमी जण सांगतात. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. वरची झडप उघडली की ही चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातो. म्हणजे ज्या तापण्यावर उपाय म्हणून तो काढला, तेच तापणं चढावर किंवा भरल्या गाडीत परत येतं.

मग बिघाड ओळखायचा कसा? झडप उघडीच अडकली असेल तर मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो आणि हीटर कोमट वारा देतो. बंद अडकली असेल तर काटा भराभर चढतो, पण बहुतेक जुन्या गाड्यांत रेडिएटरचा वरचा होज पाइप तेव्हाही गारच लागतो. अशा वेळी गाडी लगेच बंद करा.

खात्री करायची तर थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात लटकवा. तो तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि थंड होताना पूर्ण मिटला पाहिजे. नवा आणला तरी बसवण्याआधी ही चाचणी करा. मी प्रत्येक वेळी करतो.

बदलण्याचं काम थंड इंजिनावरच करायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. जुन्या गाडीत खरा त्रास हाउसिंगच्या, म्हणजे थर्मोस्टॅटवरच्या झाकणाच्या, बोल्टचा. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं गंजून धरलेला असतो. घाई केल्यामुळे माझ्या हातून असा एक बोल्ट तुटला आणि त्याचा उरलेला तुकडा ड्रिलने काढण्यात अख्खा दिवस गेला. आता मी आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडून ठेवतो. सकाळी बोल्ट आधी किंचित आवळतो आणि मग सैल करतो. जुनं पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमवर चरे पडू देऊ नका, नाहीतर तिथूनच गळती सुरू होते.

मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला आली पाहिजे. उलटी बसवली तर तिला इंजिनाची उष्णता कळत नाही आणि गाडी तापते. हवा जाण्याचं बारीक छिद्र असेल तर ते वर ठेवा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं वापरा. नळाच्या पाण्यातले क्षार डबीवर थर धरतात आणि झडप आळशी होते. काढलेलं कूलंट उघड्यावर टाकू नका, ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात.

शेवटी हवा काढायची. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, आणि वरचा पाइप गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा पाहा. अडकलेली हवा रात्रीतून निघते, त्यामुळे पातळी थोडी उतरलेली असते. तेवढं कूलंट भरा, मग गाडी बाहेर काढा.