मागच्या बाकावरची वही

साताऱ्याजवळच्या एका गावातील माध्यमिक शाळेत विज्ञानाचा तास चालू आहे. एक मुलगी हातातली काचेची बांगडी काढून व्हर्निअर कॅलिपरच्या जबड्यांत धरते आणि सरकत्या पट्टीवरची नेमकी कोणती रेघ वरच्या रेघेशी जुळते, हे डोळे बारीक करून शोधते. शिकवणारे सर बारा वर्षे कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासत होते. कॅलिपर त्यांच्या हातात बसलेला आहे. वर्ग अजून बसायचा आहे.

दुसऱ्या व्यवसायातून शिक्षणाकडे वळणे या जिल्ह्याला नवे नाही. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही ओगले काच कारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली होती. मात्र तळमळ असली म्हणजे शिकवता येतेच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच १९३५ साली त्यांनी साताऱ्यात शिक्षक घडवणारे विद्यालय सुरू केले.

आज नोकरी सोडून दोन वर्षांचे बी.एड. करायचे आणि अनुदानित शाळेत निवड झालीच, तर पुढची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर काढायची. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून दरमहा ८,००० वरून १८,००० रुपये झाले, ही चांगलीच गोष्ट. पण घराचा हप्ता आणि मुलांचे शिक्षण अंगावर असलेल्या चाळिशीतल्या माणसाला तेवढ्यात भागवणे कठीणच जाते, आणि आधीच्या अनुभवाला त्या मानधनात वेगळे मोल नाही.

पैशाइतकाच जाच एकटेपणाचा असतो. केस पिकू लागलेल्या माणसाला सगळे येत असणार, असे सहकारी धरून चालतात आणि त्यालाही वयाने लहान शिक्षकांना विचारण्याचा संकोच वाटतो. अशा वेळी पहिल्याच वर्षी पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम त्याच्या गळ्यात घालणे आम्हाला अन्यायाचे वाटते. त्याला खरी गरज असते ती आठवड्यातून एखादा तास वर्गात येऊन बसणाऱ्या जाणत्या सहकाऱ्याची.

या वर्गात तशा एक मॅडम मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या आहेत. घंटा होते, मुले बाहेर पडतात.

“सर, आकडा तुम्हीच सांगून टाकलात. तिला तो सापडतच आला होता.”

सर मान डोलावतात आणि पुढच्या तुकडीसाठी कॅलिपर पुन्हा शून्यावर आणतात.