दुतोंड्याच्या कुठपर्यंत?

बसा बसा. बोर्डावरचा विषय वाचून निम्मी मंडळी चहाकडे गेली, उरलात त्यांचे आभार. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कॉम्प्युटर म्हणतो नस दुर्बिणीपासून इतक्या मिलिमीटरवर आहे, तर ते खरं मानायचं का, एवढाच विषय.

पण आधी मारुती, गोदावरीच्या पात्रातला आपला दुतोंड्या. पूर आला की आपण नाशिककर विसर्गाचे क्युसेक नंतर बघतो, आधी विचारतो, दुतोंड्याच्या कुठपर्यंत? तर एका पावसाळ्यात ग्रुपवर फोटो आला, गळ्यापर्यंत पाणी, खाली लिहिलेलं "कन्फर्म आहे!!!" आमच्या मामांचं दुकान सराफ बाजाराजवळ, मी रात्री अकराला भिजत स्कूटर काढली, चार पोरं गोळा केली, सगळा माल माळ्यावर चढवला, कंबरडं मोडलं, आणि सकाळी घाटावर बघतो तर पाणी गुडघ्याला! फोटो खोटा नव्हता हो. त्याने फोन पाण्यालगत धरलेला, पुढची लाट थेट मारुतीच्या गळ्याला टेकलेली. मामा अजून हमालीचे पैसे माझ्याकडेच मागतात. माझा राग फोटोवर नाहीये, त्या "कन्फर्म"वर आहे.

एका कॅमेऱ्याचं असंच असतं. १९८५ साली जर्मनीत एरिच म्यूहेने दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हापासून सर्जन सपाट चित्रावरून खोली ओळखत आलेत, सवयीने. आता दोन भिंगांच्या दुर्बिणी आहेत. दोन तोंडं तर आपल्या मारुतीलाही आहेत म्हणा, पण विरुद्ध दिशांना, त्याचा इथे उपयोग नाही! (चला, कोणीतरी हसलं.) आपल्या डोळ्यांत सहाएक सेंटिमीटर अंतर, या भिंगांत जेमतेम चार-पाच मिलिमीटर, त्यामुळे खोलीत चूक मोठी, आणि वस्तू दुप्पट लांब गेली की ती साधारण चौपट.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळवतो.

कॉम्प्युटर डाव्या चित्रातला ठिपका उजव्यात शोधतो, किती सरकला त्यावरून खोली काढतो. ओलं आतडं चमकतं, जाळताना धूर होतो, रक्त येतं, की चुकीचाच ठिपका पकडतो. तपासायचं कशाशी? जिवंत पोटात पट्टी धरता येत नाही, श्वासाबरोबर सगळं हलतं. म्हणून मेलेल्या डुकरांचे सीटी स्कॅन काढून त्यांच्याशी दुर्बिणीची चित्रं जुळवतात, सर्व्ह-सीटी नावाच्या संचात अशा जोड्या फक्त १६, इतकं किचकट काम. आणि मग लोक सरासरी चूक सांगून मोकळे! सरासरीने आमचा माल माळ्यावर चढला असता का? माझं म्हणणं, यंत्र जिथे "कन्फर्म" म्हणतं तिथली चूक वेगळी मोजा, धुरातली वेगळी, रक्तातली वेगळी. डावीकडून उजवीकडे शोधलं तसं उलटंही शोधायला लावा, उत्तरं जुळली नाहीत तर त्या जागी सर्जनला आकडा दाखवूच नका, मोकळी जागा दाखवा.

हो हो, थांबतो, तबलेवाले आलेत.